घाटात थांबणारी गाडी

बोरघाटातल्या रेल्वेचं चालतं मॉडेल जसंच्या तसं १:८७ च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्शात, करायचं तर हॉल केवढा लागेल, हे गणित मी काम सुरू करायच्या आधी मांडलं होतं आणि प्रदर्शनात कुणी "पूर्ण घाट का नाही केला?" असं विचारलं की आजही तेच सांगते. कर्जतच्या बाजूच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतचा मूळ चढ २५ किलोमीटरहून थोडा जास्त, आणि उंचीतला फरक १८३१ फूट. याला ८७ नं भागलं की लांबी येते २९० मीटरच्या आसपास आणि उंची जवळजवळ साडेसहा मीटर. एवढा हॉल समजा मिळाला, तरी वरच्या टोकाची गाडी बघायला लोकांना शिडी द्यावी लागेल. त्यामुळे घाटाचं मॉडेल करणारा माणूस पहिल्यापासून काटछाटच करत असतो, हा बोगदा सोडून दे, ते वळण आवळून घे, दोन दऱ्यांची एकच दरी कर. यात फसवणूक काही नाही, त्याशिवाय मॉडेल होतच नाही.

पण एक गोष्ट मला कापायची नव्हती, ती म्हणजे वेळ. खरी गाडी जिथे थांबायची तिथे माझी गाडीसुद्धा थांबली पाहिजे आणि त्या थांब्यात जी जी कामं व्हायची ती लोकांच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजेत, हे डोक्यात पक्कं होतं. म्हणून मी रिव्हर्सिंग स्टेशन निवडलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून ते १९२९ च्या सुमारास नवा मार्ग होईपर्यंत मुंबईहून निघालेली गाडी सलग अशी खंडाळ्याला पोचायचीच नाही. ती चढत चढत डोंगराच्या एका सोंडेवर यायची आणि तिथे रूळ संपायचे, पुढे दरी. गाडी थांबायची, इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जायचं, तिथे जोडलं जायचं आणि मग गाडी आली त्याच्या उलट तोंडानं, वरच्या अंगाला काढलेल्या रुळांवरून खंडाळ्याकडे चढायला लागायची. पुण्याहून मनमाडकडे जाताना दौंडला इंजिन फिरवायचे, आणि त्या वेळात अर्धी गाडी फलाटावर पाय मोकळे करायला उतरायची, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना लगेच कळतं. फरक एवढाच की दौंड सपाटीवर आहे आणि इथे हे सगळं सह्याद्रीच्या कडेवर चालायचं. जागा कुठली म्हणाल तर द्रुतगती मार्गावर जिथे अमृतांजन पूल होता, २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला तो, त्याच भागात.

आता असं उलटंसुलटं का केलं? जेम्स जॉन बर्कले हा जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा चीफ इंजिनियर, १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे लाइनसुद्धा त्याच्याच काळातली, आणि १८६० मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्समध्ये त्यानं या रेल्वेवर निबंध वाचला होता. त्याच्यापुढचा प्रश्न सरळ होता. चढ जास्तीत जास्त ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर, याच्यापेक्षा उभा चालणार नाही. वळणही फार आवळून चालणार नाही. आणि सोंड तर अशी चिंचोळी की तिच्यावर गाडीला गोल फिरून यायला जागाच नाही. मग फिरवायचंच नाही गाडीला, थांबवायचं आणि उलटं काढायचं. कसाऱ्याच्या थळघाटातही हीच युक्ती केली, तो घाट १८६५ मध्ये सुरू झाला. मला या उत्तराचं फार कौतुक वाटतं. डोंगर हटत नाही म्हटल्यावर त्यानं गाडीकडून वेळ मागितला आणि उंची मिळवली. बर्कले १८६२ मध्येच गेला, बोरघाट सुरू झालेला काही त्याला बघायला मिळाला नाही.

प्रदर्शनाच्या दृष्टीनं या झेडसारख्या आकाराचा एक मोठा फायदा आहे. माझं मॉडेल सहा मीटर लांब आहे, म्हणजे खऱ्या जगातले ५२२ मीटर. त्यातले अडीच मीटर स्टेशनला आणि उरलेले साडेतीन मीटर दोन्ही चढांना. खालून येणारा रूळ आणि वर जाणारा रूळ दोन्ही एकाच बाजूला जातात, एक खाली उतरत आणि एक वर चढत, त्यामुळे पडद्यामागचं यार्ड, जिथे गाड्या लपवून ठेवतात ते, एकाच टोकाला एकावर एक असं दोन मजली करता आलं. ३७ ला १ हा चढ मी कमीजास्त केला नाही, साडेतीन मीटरला साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे टोकाला दोन्ही रुळांमध्ये उंचीचा फरक जेमतेम १९ सेंटिमीटर. ऐकायला कमी वाटतं पण समोर उभं राहून बघितलं की खालच्या रुळावरची गाडी आणि वरच्या रुळावरची गाडी या दोन्हीच्या मधला तो कातळ अंगावर येतो. घाट आहे हे पटवायला तेवढं पुरतं.

बोर्डांबद्दल फार लांबण लावत नाही. १२० सेंटिमीटरचे पाच बोर्ड, प्लायवूडचे, जोडांना पितळी डॉवेल म्हणजे खुंट्या, जोडाजवळचे रूळ पितळी स्क्रूंना सोल्डर केलेले म्हणजे ने-आण करताना टोकं हलत नाहीत. घरात कायमच्या मांडलेल्या मॉडेलला हे सगळं लागत नाही, प्रदर्शनाच्या मॉडेलला यावाचून चालत नाही, कारण टेम्पोतून नेऊन उतरवून तासा-दोन तासात जोडून पहिली गाडी चालली पाहिजे.

रुळांबद्दल मात्र सांगायलाच हवं. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरची. बाजारात एचओ, म्हणजे १:८७, मापाचा जो तयार ट्रॅक मिळतो तो १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचा. भारतातले बहुतेक मॉडेलवाले भारतीय इंजिनं आणि डबे त्याच ट्रॅकवर चालवतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, छान चालतात. पण मी करत होते ते एका विशिष्ट जागेचं मॉडेल, आणि आपल्या गाडीचं ते रुंद पाय रोवून उभं राहणं मला हवंच होतं, समोरून बघितलं की लगेच जाणवतं ते. १६७६ भागिले ८७ म्हणजे सव्वाएकोणीस मिलिमीटर. मग स्लीपर कापा, रूळ एकेक करून बसवा, पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे, स्वतः घडवा, चाकांचे आस लांब करा, इंजिनाची चेसिस पितळेच्या पत्र्यातून नव्यानं करा. इंजिनाची वरची बॉडी थ्रीडी प्रिंट करता येते हल्ली आणि त्याचा मोठाच आधार झाला. तरी चालणारा भाग, म्हणजे गिअर, आस, कनेक्टिंग रॉड, हे हातानंच करावं लागतं.

आणि हा सगळा खटाटोप शेवटी कशासाठी, तर गाडी हळू चालावी यासाठी. ताशी २० किलोमीटरनं चढणारी गाडी १:८७ मध्ये सेकंदाला साधारण ६.४ सेंटिमीटर सरकते. सहा मीटरच्या मॉडेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला दीड मिनिट. आणि इंजिन डब्यांना जोडायला मागे येतं तेव्हा तर ते सरकतंय की उभं आहे हे कळू नये इतकं सावकाश यायला हवं. जोरात पळणारं मॉडेल इंजिन करणं सोपं असतं, सगळी अवघड कामं सावकाश चालण्यात आहेत. मोटर आणि चाकांमधलं गिअरचं प्रमाण मोठं हवं, फ्लायव्हील हवं, डीसीसी डीकोडरला, म्हणजे चालवण्याचे डिजिटल हुकूम घेणाऱ्या इंजिनातल्या चिपला, कपॅसिटर जोडलेला हवा म्हणजे पॉइंटवरून जाताना क्षणभर करंट तुटला तरी इंजिन अडखळत नाही, आणि रूळ स्वच्छ हवेत, दर सत्रानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे. हॉलमध्ये शेकडो माणसं फिरतात, धूळ बसणारच.

साल ठरवलं १९२४, महिना सप्टेंबर. ऐतिहासिक मॉडेल करताना तारीख ठरवणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, कारण एकदा तारीख ठरली की पुढचे शंभर निर्णय आपोआप होतात आणि शंभर मोह सोडावे लागतात. १९२४ मध्ये घाटात विजेच्या तारा नाहीत. मुंबईत पहिली विजेची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, आणि त्याच वर्षी जी.आय.पी. कंपनीकडून सरकारच्या ताब्यात गेली. म्हणजे १९२४ मध्ये रेल्वे अजून कंपनीची, घाट अजून वाफेचा. आणि म्हणूनच माझ्या मॉडेलवर डेक्कन क्वीन नाही! हे ऐकून लोक खरंच नाराज होतात, मी समजू शकते, बोरघाट आणि डेक्कन क्वीन ही जोडी आपल्याकडे मनात घट्ट बसलेली आहे. पण ती सुरू झाली १ जून १९३० ला, तोवर रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालेलं होतं, त्या सोंडेवर ती कधी उभी राहिलीच नाही. तसंच ते खेकडा म्हणून ओळखलं जाणारं विजेचं मालगाडीचं इंजिन, तेही १९२८ नंतरचं. मला स्वतःला ते इंजिन अतिशय आवडतं, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात बघितलं तेव्हा मी त्याच्यापाशीच रेंगाळत होते. तरी ते या मॉडेलवर येणार नाही. ज्या गाड्या तिथे एकत्र कधी आल्याच नाहीत त्या एकत्र दाखवल्या तर मग ते खेळण्यांचं कपाट होईल, रिव्हर्सिंग स्टेशन होणार नाही.

सप्टेंबर का, तर सोनकीसाठी. पावसाळा ओसरत आलेला असतो, धबधबे अजून चालू असतात पण धुकं विरळ झालेलं, आणि कातळाच्या टप्प्याटप्प्यांवर सोनकी पिवळीधमक फुललेली. जुलैचा घाट कितीही देखणा असला तरी जुलैत निम्मा वेळ समोरचं काही दिसत नाही, ते मॉडेलमध्ये दाखवायचं कसं?

कातळावर मी फार वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, आडवे. उभा कडा, मग गवताची अरुंद पट्टी, पुन्हा उभा कडा, पुन्हा पट्टी. मॉडेलवाल्यांसाठी कातळाचे रबरी साचे तयार मिळतात, प्लास्टर ओतायचं की खडक तयार, पण ते बहुतेक परदेशातल्या डोंगरांवरून केलेले, त्यांतले थर तिरके. तसा एक जरी तुकडा बसवला तरी डोळा अडतो, का अडला ते बघणाऱ्याला सांगता येत नाही पण हा आपला घाट नाही हे त्याला कळतं. म्हणून फोमचे आडवे थर रचून त्यावर प्लास्टर आणि ओलं असतानाच सुरीनं कोरायचं. रंग काळा नाही, काळसर करडा, त्यावर पातळ तपकिरी, आणि पाणी झिरपतं तिथे शेवाळी. रेल्वेसाठी सुरुंग लावून कापलेला कातळसुद्धा १९२४ पर्यंत साठ वर्षांचा झालेला, म्हणजे तोही आजूबाजूच्या डोंगरासारखाच काळवंडलेला दाखवायला हवा, ताज्या फोडलेल्या दगडासारखा नाही. बोगद्याच्या तोंडावरची काजळीही मी दोन्ही रुळांवर सारखी दाखवली नाही. चढणारं इंजिन जिवाच्या आकांतानं धूर ओकत असतं, उतरणारं जवळजवळ गप्प असतं, म्हणून चढाच्या रुळावरच्या कमानीला काजळी जास्त, उताराच्या बाजूला कमी.

रंगांवरून आठवलं. जुनी पोस्टकार्डं आणि फोटो हाच मुख्य आधार आणि ते सगळे ब्लॅक अँड व्हाइट. लोकांना वाटतं, करड्या छटेवरून मूळ रंगाचा अंदाज बांधता येत असेल. तसं होत नाही, कारण त्या काळातल्या बऱ्याच फोटोप्लेट्सना लाल रंग कळायचाच नाही, लाल वस्तू जवळजवळ काळी उमटायची आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे फोटोत गडद दिसणारा डबा खरोखर गडद होता की नुसता लालसर, हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. त्यामुळे मी डब्यांना झगझगीत रंग द्यायचं टाळलं, सागाच्या लाकडाची छटा, त्यावर धूर आणि पावसाचे ओघळ. शिवाय छोट्या वस्तूवर मूळ गडद रंग लावला की तो आणखी गडद दिसतो, म्हणून प्रत्येक रंगात थोडा करडा मिसळून तो उतरवायचा. मॉडेलवाले हे सगळीकडे करतात पण आपल्याकडच्या प्रदर्शनांत मला अजून कोरी करकरीत चकाकणारी इंजिनंच जास्त दिसतात, जणू आत्ताच डब्यातून काढली आहेत. घाटात दिवसातून कितीदा कोळसा खाणारं इंजिन असं कसं चकाकेल?

माणसं. १:८७ मध्ये साडेपाच फुटांचा माणूस म्हणजे १९ मिलिमीटर. तयार पुतळे मिळतात ते ओव्हरकोट आणि हॅटमधले. माझ्या स्टेशनवर एखाद-दोन साहेब चालतील, बाकी सगळे धोतर-पटक्यातले हवेत, नऊवारीतल्या बायका हव्यात, गँगमन आणि त्यांचा मुकादम, सांधेवाला, ड्रायव्हर, फायरमन, हिरवा बावटा घेतलेला गार्ड. बारीक तारेचा सांगाडा करून त्यावर इपॉक्सी पुट्टी चढवून मी एकेक केला. हे काम करताना एक ठरवलं होतं की नुसता शोभेसाठी उभा केलेला माणूस नको, प्रत्येकाला काम असलं पाहिजे, आणि तो थांबलेल्या गाडीमुळे तिथे आहे की गाडीशिवायही तिथे असता हे मला माहीत असलं पाहिजे. सांधेवाला पॉइंटपाशीच. दोघं जण डबा आणि इंजिन यांच्या मध्ये, कारण कपलिंगचा स्क्रू सोडायला आणि ब्रेकसाठीचा व्हॅक्यूमचा पाइप काढायला माणूस मध्ये शिरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पुन्हा जोडायचं तर पाइप लावायचा, इंजिननं सगळ्या गाडीत व्हॅक्यूम तयार करायचा, ब्रेक धरतोय ना हे बघायचं, मगच हलायचं. तो थांबा लांबायचा तो याच्यामुळे. घाटात ब्रेक न तपासता निघणं म्हणजे काय हे त्या माणसांना सांगायला लागत नव्हतं.

आमच्या ग्रुपमध्ये खरा वाद झाला तो याच थांब्यावरून. प्रदर्शनांचा एक अलिखित नियम आहे, समोर काहीतरी सतत हलत राहिलं पाहिजे, नाहीतर लोक पुढच्या टेबलाकडे जातात. नियम खोटा नाही. एक मत असं होतं की इंजिन सोडणं-जोडणं अर्ध्या मिनिटात उरकायचं आणि त्या वेळात दुसऱ्या रुळावरून एखादी मालगाडी उतरवत राहायची, मार्ग दुहेरी होताच. मी म्हटलं, दोन गाड्या हलत असल्या की लोक पळणारीकडे बघतात, थांबलेलीकडे कुणी बघणार नाही. आणि या जागेची सगळी गोष्ट थांबलेल्या गाडीतच आहे. गाडी आली, उभी राहिली, इंजिन सुटलं, थोडं पुढे जाऊन थांबलं, सांधा बदलला, इंजिन डब्यांच्या शेजारून मागे गेलं, पुन्हा थांबलं, पुन्हा सांधा, मग अगदी सावकाश येऊन टेकलं. रुळाखाली चुंबक ठेवले आहेत त्यामुळे कपलर आपोआप सुटतं, कुणाचा हात दरीतून वर येऊन डबा सोडवत नाही, तो हात एकदा दिसला की डोंगराचा पुन्हा टेबल होतो. जोडल्यानंतरही गाडी लगेच निघत नाही, स्पीकरमधून व्हॅक्यूम ओढण्याचा सुस्कारा ऐकू येत राहतो. एकूण चार-पाच मिनिटं. खरा थांबा याहून मोठा असणार, पण पूर्ण क्रम त्यातलं एकही पाऊल न गाळता दिसतो.

आणि त्या चार-पाच मिनिटांत लोकांनी काय करायचं, याचं उत्तर मला माहितीच्या फलकात मिळालं. एरवी फलक कोपऱ्यात लावतात आणि तो कुणी वाचत नाही. मी तो कठड्यालाच, गाडी थांबते त्याच्या बरोबर समोर, लहान मुलांनाही दिसेल इतक्या खाली तिरपा बसवला आणि मजकूर थांब्यात वाचून होईल एवढाच ठेवला. त्यावर इंजिनांची माहिती नाही. त्यावर हा घाट कुणी बांधला ते आहे.

काम सुरू झालं १८५६ च्या जानेवारीत. पहिला कंत्राटदार फेविएल. १८५९ मध्ये मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला, पुढे कंत्राट त्याच्याकडून गेलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात पोचल्यावर अल्पावधीतच आजारानं मेला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट सोडलं नाही, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या इंजिनियरांना कामावर देखरेखीला ठेवून ते पूर्ण करवून घेतलं. १८६१ मध्ये घाटात एका वेळी कामावर असलेल्यांची संख्या ४२ हजारांपर्यंत गेली होती. पुरुष, बायका आणि मुलंसुद्धा. काही ठिकाणी कडा इतका उभा की माणसं दोरानं खाली सोडून सुरुंगाची भोकं पाडावी लागायची. कॉलरा आणि ताप यांनी वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या व्हायच्या. २५ बोगदे आणि ८ मोठे व्हायाडक्ट, म्हणजे दऱ्यांवरचे कमानींचे पूल, त्यांच्या हातांनी उभे राहिले, त्यातला एक व्हायाडक्ट १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला आणि मग कंपनीच्या सगळ्याच दगडी बांधकामाची झडती घेतली गेली. अ‍ॅलिसचं नाव आपल्याला माहीत आहे, फ्रिअरचं माहीत आहे, बर्कलेचं तर आहेच. त्या ४२ हजारांतलं एकही नाव मला फलकावर लिहिता आलं नाही. मला त्याची बोच आहे आणि ती फलकावर तशीच लिहिली आहे, की इथे नावं असायला हवी होती.

लोक वाचतात. मी कठड्याच्या आतून बघत असते, गाडी थांबते, पहिला अर्धा मिनिट "बंद पडली वाटतं" अशी कुजबुज, मग इंजिन सुटून सरकायला लागलं की "नाही नाही, बघ", आणि इंजिन लांबच्या पॉइंटकडे निघालं की नजर खाली फलकावर येते. काही जण अर्थातच निघून जातात, सगळ्यांनी थांबावं अशी अपेक्षाही नाही. पण जे थांबतात ते पूर्ण थांबतात आणि त्यांचे प्रश्न वेगळेच असतात. एका आजींनी विचारलं, म्हणजे कर्जतपासून पुढे तोंड करून बसलेला माणूस इथून पुढे पाठीकडे चालला का? अगदी बरोबर, आणि त्यांच्याबरोबरची नात लगेच म्हणाली की मग शेवटचा डबा पहिला झाला. झालाच! मागे बसलेला पुढे, पुढे बसलेला मागे. गार्डानं मग कुठे बसायचं, यावर त्या दोघींची बराच वेळ चर्चा चालली होती आणि मी मध्ये बोलले नाही, गाडी निघाली तेव्हा दोन्ही टोकांना ब्रेकचा डबा आहे हे नातीनंच शोधून काढलं.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय लहानपणी बघून आलेली माणसं खूप भेटतात, १९९८ पासून पुण्यात हे वेड किती जणांना लागलं त्याची गणतीच नाही. तिथली गंमत वेगळी, एकाच वेळी कितीतरी गाड्या, दिवस मावळतो, दिवे लागतात. ती बघून आलेला मुलगा माझ्या मॉडेलपाशी आला की आधी थोडा हिरमुसतो, इथे एकच गाडी. मग मी त्याला सांध्यापाशी उभा करते आणि इंजिन येतंय तेव्हा सांधा कुठल्या बाजूला लावायचा ते विचारते, बटण त्याच्या हातात देते. चुकीचा लागला तर इंजिन पलीकडच्या रुळावर जाईल हे त्याला दिसत असतं. एवढ्या गंभीरपणे कुणी बटण दाबलेलं मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

आता पुढच्या प्रदर्शनासाठी आणखी एक बोर्ड जोडतोय, कॅच सायडिंगचा. उतारावर ब्रेक गेलेली गाडी सुसाट सुटली तर ती मुख्य मार्गावर न जाता बाजूला चढत्या रुळावर जाऊन थांबावी म्हणून घाटात ही सोय असते. त्यातली मेख अशी की सांधा एरवी कायम त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. खाली उतरणाऱ्या प्रत्येक गाडीनं आधी पूर्ण उभं राहायचं, ती ताब्यात आहे हे दिसलं की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो आणि गाडीला वाट मिळते. चांगली चाललेली गाडीही थांबणार, रोज, प्रत्येक वेळी. त्या सायडिंगचा उलटा चढ किती ठेवायचा यावर सध्या कागदावर काम चालू आहे, कारण मॉडेलमधली गाडी वजनाच्या मानानं फारच सहज थांबते आणि चढ कमी ठेवून चालेल असं वाटतं, पण मग तो बघणाऱ्याला चढ वाटणार नाही. बहुधा मी तो खऱ्यासारखाच उभा ठेवीन. ग्रुपमधल्या मंडळींनी आधीच विचारून झालंय की आता दोन ठिकाणी थांबायचं का. हो, दोन ठिकाणी, आणि दुसरा फलक त्या सांधेवाल्यांवर असेल, पाऊस असो की रात्र, त्या केबिनमध्ये बसून थांबलेल्या गाडीला वाट देणाऱ्यांवर.